लग्न मोडलं ते गोत्रामुळे

‘संगीत शारदा’ नाटकातलं ते लग्न शेवटी कशामुळे मोडतं, हा प्रश्न मी गेली काही वर्षं भेटेल त्याला विचारत आलो आहे. नववीच्या वर्गात विचारतो, लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला विचारतो, सांगलीत नाट्यगीतांचा कार्यक्रम संपल्यावर बाहेर चहाला थांबलेल्या रसिकांना विचारतो. पदं सगळ्यांना येतात. पाऊणशे वयाच्या नवरदेवाची टिंगल करणारं पद तर ज्यांनी नाटक कधी पाहिलं नाही त्यांनाही चालीसकट येतं. पण लग्न का मोडलं म्हटलं की उत्तरं अंदाजाने येतात. शारदेच्या बाजूने उभा राहणारा तरुण कोदंड येऊन अडवतो, असं कुणी सांगतं. शारदा ऐनवेळी नाही म्हणते, असं कुणी. एका गृहस्थांनी मला ठामपणे सांगितलं, की मांडवातल्या लोकांना अखेर लाज वाटते.

लाज वाटून ते लग्न थांबत नाही. म्हातारा नवरदेव भुजंगनाथ आणि शारदा यांचं गोत्र एकच असल्याचं उघडकीला येतं आणि तेवढ्यावर थांबतं. नवरा म्हातारा आहे हे कारण पुरलेलं नसतं. मुलीच्या मनात नाही हे पुरलेलं नसतं. बाप पैसे मोजून घेतोय, हे सगळ्या गावाला ठाऊक असून पुरलेलं नसतं. सगोत्र म्हटल्यावर मात्र लग्न लागू शकत नाही. पुढे शारदेचं लग्न कोदंडाशी लावायलाही शंकराचार्यांचा होकार लागतो. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९९ साली प्रेक्षकांसमोर हा शेवट ठेवला आणि सांगितलं, की तुमच्या माणुसकीने ही मुलगी वाचलेली नाही, तुमच्या एका नियमाने चुकून वाचली आहे. मराठीत समाजाला याहून मोठी चपराक मी वाचलेली नाही. आणि तीच आपण विसरलो, पदं लक्षात ठेवली.

मी वाळवा तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवतो, राहायला सांगलीत आहे. देवलांचं हरिपूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. कृष्णा आणि वारणा जिथे मिळतात तिथलं संगमेश्वराचं देऊळ, आणि एके काळी ज्यांच्यासाठी हरिपूर प्रसिद्ध होतं ती हळदीची जमिनीखालची पेवं, हे पाहायला पाहुण्यांना नेतो तेव्हा दरवेळी वाटतं, की या गावाची ओळख सांगताना ‘शारदेचं गाव’ असं आधी सांगायला हवं. सांगलीला नाटकाचं वेड आहे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीता स्वयंवर’ केलं, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो, भाव्यांच्या नावाचं गौरवपदक दिलं जातं, शहराला नाट्यपंढरी म्हणतात. त्या अभिमानात मीही आहे. पण अभिमानाने एक गोष्ट होते, ती मला सलते. ज्या लेखनाचा आपण गौरव करतो, ते आपल्याला काही बोललं होतं हे ऐकू येईनासं होतं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. सांगलीच्या चौकाचौकांत अभिनंदनाचे फलक लागले. आनंद मलाही झाला. तेव्हापासून ‘अभिजात’ हा शब्द मात्र फार सैल वापरला जातो. जुनं ते अभिजात, गाजलेलं ते अभिजात, ज्याला आपण नमस्कार करतो ते अभिजात. माझ्या मते एखादी कृती अभिजात आहे की नाही, याची खूण वेगळी आहे. ती लिहिली गेली तेव्हा ज्यांच्याबद्दल होती ती माणसं मेली, कायदे बदलले, पोशाख बदलले, तरी वाचताना आपल्याच घरातलं कुणी तिच्यात दिसतं आणि वाचणारा अस्वस्थ होतो. ज्या क्षणी ती अस्वस्थता जाते आणि फक्त गोडवा उरतो, त्या क्षणी आपण तिची नांगी काढून टाकलेली असते. एकनाथांच्या भारुडातला विंचू आठवून पाहा. तो काम-क्रोधाचा विंचू आहे, तो आपल्याच अंगात चढतो, असं नाथ सांगतात. आमच्या स्नेहसंमेलनांत दरवर्षी त्यावर नाच बसवला जातो. मुलगी छान लोळते, टाळ्या पडतात, आणि विंचू कुणालाच चावत नाही.

सांगलीच्या मातीने मराठीला उपरोधाच्या दोन वाटा दिल्या, असं मला वाटतं. दोन्ही वाटा दाखवणारे इथलेच. एक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. १९०७ च्या ‘कीचकवधा’त गोष्ट महाभारतातली होती, पण प्रेक्षकाला कीचकात लॉर्ड कर्झन दिसत होता. सरकारलाही दिसला. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. ही वाट सत्तेकडे बोट दाखवणारी. दुसरे देवल. त्यांचं बोट आपल्या ओसरीकडे वळलेलं. ‘शारदे’तला दोषी इंग्रज नाही, राजा नाही. तो कांचनभट आहे, मुलीचा बाप. आणि भद्रेश्वर दीक्षित आहे, मध्यस्थी करून पैसे खाणारा.

खाडिलकरांची वाट सोपी होती असं मला म्हणायचं नाही. तिची किंमत त्यांनी मोजली आणि आजही सत्तेवर बोट ठेवणाऱ्याला ती मोजावी लागते. पण परका राजा गेल्यावर परिस्थिती पालटली. आता जो गादीवर बसतो त्याला आपण बसवतो. कीचक आपल्याच मतांनी निवडून येतो, आपल्याच कारखान्याचा संचालक असतो, आपल्याच सोसायटीत असतो. अशा वेळी उपरोधाच्या दोन्ही वाटा एकत्र यायला हव्या होत्या. राज्यकर्त्याची खोड दाखवताना ती त्याला कुणी लावली, हेही दिसायला हवं होतं. आपल्या सिनेमाने, विशेषतः गेल्या वीसेक वर्षांतल्या विनोदी राजकीय सिनेमाने, हे बहुतांशी टाळलं. पांढरे कपडे, गळ्यात साखळी, मागे दहा पोरं, तोंडी अडाणी इंग्रजी: एक पुढारी उभा केला की झालं. प्रेक्षक पोट धरून हसतो आणि बाहेर पडताना त्याला वाटतं, की आपण या माणसापेक्षा शहाणे. निवडणुकीच्या आदल्या रात्री दारात आलेलं पाकीट ज्याने घेतलं तोही त्याच रांगेत बसून तेवढाच हसतो. त्याच्यावर कॅमेरा वळत नाही.

याला उत्तर म्हणून कुणी ‘सामना’चं नाव घेईल आणि ते बरोबरच आहे. जब्बार पटेल, विजय तेंडुलकर, रामदास फुटाणे यांचा हा सिनेमा १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवाच्या स्पर्धेत होता. आम्हा ऊसपट्ट्यातल्या लोकांना तो जवळचा वाटतो, कारण त्यातला पुढारी हिंदुराव धोंडे पाटील आम्ही पाहिलेला आहे. निळू फुल्यांनी त्याचं अर्कचित्र केलं नाही. तो दिलदार आहे, त्याने गावात कामं केली आहेत, त्याच्या पंगतीला बसलेल्या माणसाला तो आवडू शकतो. म्हणून भीती वाटते. मी तो पहिल्यांदा पाहिला तो जत्रेत, बांबूला बांधलेल्या पडद्यावर, अकरा-बारा वर्षांचा असताना. मारुती कांबळेचं काय झालं, हा प्रश्न श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर पुन्हा पुन्हा विचारतो. माझ्या शेजारी बसलेला एक म्हातारा दरवेळी पुटपुटत होता, “गप बस की, मास्तर.” तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला सिनेमा कळत नाही. आता वाटतं, तिथे बसलेल्यांपैकी त्यालाच तो सगळ्यात जास्त कळला होता. गप्प बसणं म्हणजे काय आणि ते का बसावं लागतं, हे त्याने जन्मभर पाहिलं असणार. सिनेमाने त्याला हसवून मोकळं सोडलं नाही, त्याच्या बाजूला जाऊन बसला.

‘सिंहासन’ (१९७९) मला त्याहून कोरडा वाटतो, तरी त्याचा शेवट विसरता येत नाही. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरचा हा सिनेमा. सगळ्या खेळीचा साक्षीदार असलेला पत्रकार दिगू शेवटी भर रस्त्यावर वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्यात आपण सामील होऊ शकत नाही. ज्याला सगळं माहीत होतं आणि ज्याने काही केलं नाही, त्याचं ते हसणं आहे.

देवलांच्या वाटेने अगदी थेट चाललेला अलीकडचा सिनेमा म्हणजे ‘देऊळ’ (२०११). उमेश कुलकर्णी आणि गिरीश कुलकर्णी यांच्या या सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘ब्यारी’सोबत विभागून मिळाला. आमच्या जिल्ह्यात औदुंबर आहे, नदीच्या काठाकाठाने पुढे गेलं की नरसोबाची वाडी आहे, म्हणजे दत्ताचं देवस्थान कसं चालतं हे आम्हाला कुणी सांगायला नको. त्या सिनेमात गाई राखणाऱ्या साध्या केश्याला झाडाखाली दत्त दिसतो आणि बघता बघता गावाची बाजारपेठ होते. गावासाठी योजलेलं इस्पितळ बाजूला पडतं. हे कुणी वरून लादत नाही. जो तो आपापल्या छोट्या फायद्यासाठी एकेक पाऊल टाकतो. कुणाचं दुकान चालतं, कुणाच्या जागेला भाव येतो, कुणाला मान मिळतो. गावात वाईट माणूस शोधायला गेलं तर सापडत नाही आणि वाईट गोष्ट मात्र घडून जाते. हा सिनेमा पाहताना थिएटरमध्ये पहिला अर्धा तास खूप हशा होता. शेवटाकडे तो थांबला. त्या शांततेसाठी मी दिग्दर्शकाचा आभारी आहे.

शिक्षक म्हणून मला स्वतःला लागलेली कलाकृती वेगळी आहे. रमेश इंगळे उत्रादकरांची ‘निशाणी डावा अंगठा’ ही कादंबरी, ज्यावर पुढे सिनेमाही आला. प्रौढ साक्षरतेच्या मोहिमेत शिक्षक मंडळी कागदावर गाव साक्षर कसं करतात, याची ती गोष्ट. पहिल्यांदा वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत रात्रीच्या वर्गाच्या हजेरीपटावर, जे आलेच नव्हते त्यांच्या नावांपुढे मीही हजेरी मांडली होती. वरून आकडे हवे होते, हे खरं. पण वरच्यांनी माझा हात धरला नव्हता. पेन माझं होतं. त्या पुस्तकाने मला हे आठवायला लावलं आणि तेव्हापासून मी शाळेतला कुठलाही तक्ता भरताना एकदा थांबतो. एका पुस्तकाने एका माणसात एवढं केलं तर ते थोडं नाही.

जी मंडळी म्हणतात की उपरोधाने समाज सुधारत नाही, त्यांना मी एवढंच सांगेन, की उपरोधाला कायद्याचं माप लावू नये. ‘शारदा’ १८९९ ची आणि बालविवाह रोखणारा कायदा १९२९ चा. (तो ‘शारदा कायदा’ नाटकावरून आला असं अनेकांना वाटतं. ते नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडलं.) नाटकाने कायदा आणला असा दावा मी करणार नाही. पण जरठ-कुमारी विवाहाची थट्टा घरोघरच्या बायकांच्या तोंडी गाण्याच्या रूपाने पोहोचली, म्हणजे म्हाताऱ्या नवरदेवाला मिरवणुकीत आपल्यामागे लोक काय गुणगुणत असतील याची धास्ती वाटायला लागली असेल, एवढं समजायला पुरावा लागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण ज्यासाठी लिहायला बसलो ते हे आहे. २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८५१ मुली होत्या. महाराष्ट्रातल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी हा एक. गर्भलिंग निदानाला बंदी करणारा कायदा १९९४ पासून होता, तरी हा आकडा. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळजवळ पुरलेले १९ भ्रूण सापडले. कृष्णेच्या या पट्ट्यात पाणी आहे, ऊस आहे, द्राक्षं आहेत, शिक्षण आहे. गरिबीने हे झालं असं म्हणायला जागा नाही.

२००१ साली जी मुलं सहा वर्षांच्या आत होती, ती आज पंचविशी-तिशीत आहेत, म्हणजे लग्नाची आहेत. आणि गावोगाव तक्रार एकच, मुलाला मुलगी मिळत नाही. दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या राज्यातून मुली आणून देणारे मध्यस्थ तयार झाले आहेत. दर ठरलेले असतात. काही ठिकाणी आठ-पंधरा दिवसांत नवरी दागिने घेऊन निघून जाते आणि वर्तमानपत्रात बातमी येते. म्हणजे भद्रेश्वर दीक्षित परत आला आहे. कांचनभटही परत आला आहे, फक्त या वेळी त्याने मुलीला विकलं नाही, जन्मूच दिलं नाही.

आणि आपला विनोद यावर काय करतोय? लग्नाळू पोरांवर रील निघतात, एकपात्री होतात, टीव्हीवर प्रहसनं होतात. शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या मुलींची टवाळी होते. त्यांच्या अपेक्षांच्या याद्या वाचून दाखवल्या जातात. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुणांनी बाशिंगं बांधून, घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. तो मोर्चा म्हणजे रस्त्यावरचं उपरोधाचं नाटकच होतं, आणि चांगलं होतं. त्यात स्त्रीभ्रूणहत्येचा मुद्दा मांडला गेला होता. मोबाइलवर फिरले ते घोडे. या मुली गेल्या कुठे, कुणी पाठवल्या, कुठल्या दवाखान्याच्या दारात कोणाची गाडी उभी होती, हे विचारणारं ‘शारदे’च्या तोडीचं एक नाटक किंवा सिनेमा माझ्या पाहण्यात अजून आलेला नाही. त्या सिनेमातला कांचनभट कोण असेल? मुलगी नको म्हणणारा बाप, सासू, सोनोग्राफीची सोय करणारा, गप्प बसलेली भावकी. म्हणजे सगळं प्रेक्षागृह. असा सिनेमा काढणं अवघड का आहे, हे मला समजतं. पण देवलांच्या समोर बसलेला प्रेक्षकही कांचनभटांचाच होता. आणि तरी त्यांनी ते लिहिलं.

वर्गात हे नाटक घेतो तेव्हा एक आक्षेप दरवर्षी येतो आणि मला तो फार मोलाचा वाटतो. एक मुलगा म्हणाला, “सर, हे त्यांच्यातलं झालं. आमच्यात असं नव्हतं.” म्हणजे ब्राह्मणी घरातली गोष्ट, आमचा काय संबंध. मी काही बोलायच्या आत मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “आमच्यात बाप घेत नाही, देतो. ताईच्या लग्नाला रान गेलं.” वर्ग गप्प झाला. ‘शारदा’ मी इतक्या वर्षांत इतकी चांगली समजावून सांगू शकलो नव्हतो.

तरीही त्या मुलाच्या म्हणण्यात तथ्य आहेच. अभिजात म्हणून आपण जे कपाट लावलं आहे ते फार अरुंद आहे. याच जिल्ह्यात रेठरे हरणाक्षला पठ्ठे बापूराव जन्मले. वाटेगावला अण्णाभाऊ साठे जन्मले. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू, म्हणजे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ, हवालदाराच्या वेशात फडावर उभे राहिले की माणसं बैलगाड्या जोडून यायची. तमाशाच्या बतावणीत आणि वगात सोंगाड्याला एक हक्क असतो, जो नाटकातल्या नटालाही नाही. तो पुढच्या रांगेत बसलेल्या पाटलाकडे बघून बोलू शकतो. काल्पनिक राजाची गोष्ट चाललेली असताना तो मध्येच या गावच्या विहिरीचा, या गावच्या रेशनचा विषय काढतो आणि ज्याला लागायचं त्याला लागतं. त्याच वेळी पाटलाच्या पाठीमागे बसलेल्यांनाही तो सोडत नाही. माझ्या मते मराठी उपरोधाचं मूळ विद्यापीठ हे आहे. अण्णाभाऊंनी १९४४ नंतर लालबावटा कलापथकातून याच घाटाला नवा आशय दिला, सावकार आणि निवडणुका त्यात आणल्या. दर १ ऑगस्टला वाटेगावला गर्दी होते, पुतळ्याला हार पडतात. ‘फकिरा’चं नाव सगळे घेतात, घ्यायलाच हवं. पण त्यांचं एखादं लोकनाट्य त्या दिवशी गावाच्या पारावर उभं राहावं, आजच्या नावांनिशी, ही माझी फार जुनी इच्छा आहे. ‘शारदा’ आणि ती लोकनाट्यं एका कपाटात, शेजारी-शेजारी ठेवायला हवीत. दोन्ही एकमेकांना पूर्ण करतात.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे, जी सांगायला मी बरीच वर्षं घेतली. एका शाळेत असताना स्नेहसंमेलनासाठी दहावीच्या मुलांनी स्वतः एक बतावणी लिहिली. विषय ऊस. पहिला प्रवेश मंत्र्याचा: आश्वासनं, हार, हेलिकॉप्टर. दुसरा प्रवेश फडातला. ऊस वाळत चाललाय, तोडणीची पाळी येत नाही, मग शेतकरी तोडणीच्या टोळीला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, देतो, ट्रॅक्टरवाल्याला खेपेमागे तसेच पैसे, म्हणजे एंट्री, देतो, आणि शेजाऱ्याच्या आधी आपला फड तोडून घेतो. शेजारी कोण? सख्खा चुलतभाऊ. मग तोच शेतकरी पारावर बसून सगळा भ्रष्टाचार वरनं येतो म्हणतो. ही कल्पना वर्गातल्या एका मुलाची. त्याच्या घरी हेच घडलं होतं, आणि आगाऊ तोड घेणारा त्याचा बाप होता.

तालीम बघायला संस्थेची माणसं आली. पहिल्या प्रवेशाला ती मनापासून हसली. मंत्र्याच्या नकलेत आणखी दोन वाक्यं घाला म्हणाली. दुसरा प्रवेश झाल्यावर कुणी हसलं नाही. पाहुणे म्हणून गावातलीच बागायतदार मंडळी येणार होती. मला बाजूला घेऊन सांगण्यात आलं, की एवढं काढा, लोक दुखावतील. मी काढलं. त्या मुलाच्या वहीवर लाल पेनाने आडवी रेघ मी मारली. कार्यक्रम झाला, मंत्र्याला टाळ्या पडल्या. मुलगा मला काही बोलला नाही, वही तेवढी परत न्यायला आला नाही.

ती वही माझ्याकडे आहे. आणि उपरोधावर कुणी बोलायला लागलं, की भावना दुखावतात, मर्यादा पाळावी, चांगलंही दाखवावं, तर मला ती लाल रेघ दिसते. मंत्र्याची नक्कल चालते, हे तेव्हा लक्षात आलं. मंत्री मुंबईला असतो. खुशालीचा उल्लेख चालत नाही, कारण ती देणारा पहिल्या रांगेत बसलेला असतो. आपल्याकडे सेन्सॉरची चर्चा होते ती मुंबई-दिल्लीच्या कचेऱ्यांची. पण कितीतरी गोष्टी त्यांच्यापर्यंत पोहोचायच्या आधी माझ्यासारख्या माणसाच्या पेनाखाली मरतात.

दुसरीही एक बाजू आहे, ती टाळणं बरोबर होणार नाही. राबून आलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा शिकवणी नको असते. त्याला हसायचं असतं आणि तो त्याचा हक्क आहे. मास्टर विनायक आणि अत्र्यांचा ‘ब्रह्मचारी’ १९३८ सालचा. शपथा घेऊन ब्रह्मचर्य पाळायला निघालेल्या स्वयंसेवकी उत्साहाची त्यात यथेच्छ फिरकी घेतली होती आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. म्हणजे हसवणं आणि बोचणं यांचं भांडण नाही. पुढे लोकांच्या लक्षात राहिला तो मीनाक्षी शिरोडकरांचा पोहण्याचा पोशाख, हे खरं. पण म्हणून अत्र्यांनी बोचरं लिहायला नको होतं, असं कोण म्हणेल? लक्षात काय ठेवायचं ते आपल्या हातात आहे. ‘शारदे’चं जे झालं तेच ‘ब्रह्मचारी’चं झालं, आणि उद्या ‘देऊळ’चंही होईल, त्यातली गाणी तेवढी मंडपात वाजत राहतील.

म्हणून मला वाटतं, ५ नोव्हेंबरला जसं नाट्यगीत गायलं जातं तसं एक वाचनही व्हावं. ‘शारदे’चा शेवटचा अंक, पदं न गाता, नुसते संवाद, सांगलीत नको तर म्हैसाळला, आष्ट्याला, तासगावला, जिथे जागा मिळेल तिथे. वाचून झाल्यावर कुणी भाषण करू नये. समोर बसलेल्यांना फक्त विचारावं, लग्न कशामुळे मोडलं?

शाळेपुरतं मी ठरवलं आहे. या डिसेंबरातल्या संमेलनात ती बतावणी दोन्ही प्रवेशांसह होईल. परवानगी आधी मागितली आहे, आणि नाही म्हणाले तर शाळेबाहेर, पारावर करायची मुलांची तयारी आहे. ज्याने ती लिहिली तो आता तिशीचा आहे, स्वतःच्या तीन एकरांत ऊस करतो, लग्न व्हायचं आहे. वही घेऊन त्याच्या रानात गेलो. लाल रेघेबद्दल मला जे बोलायचं होतं ते बोललो. तो बांधावर बसला, पानं उलटून सगळं वाचलं.

“करा की सर,” म्हणाला. “खुशालीचा आकडा तेवढा बदलावा लागंल. एवढ्यात आता कोण घेत न्हाई.”